परिचर्याशिक्षणातील ‘पाच योग्य’ : एका सूत्राची चिकित्सा

परिचर्येच्या पाठ्यपुस्तकात औषध देण्याचे प्रकरण उघडले की प्रारंभीच एक सूत्र भेटते. योग्य रुग्णाला, योग्य औषध, योग्य मात्रेत, योग्य मार्गाने व योग्य वेळी द्यावे, असे ते सूत्र होय. इंग्रजीत ते ‘फाइव्ह राइट्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. विद्यार्थिनी ते पहिल्या वर्षी पाठ करते व प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत बोटांवर मोजून म्हणून दाखविते. पुढे ती अधिपरिचारिका म्हणून वॉर्डात उभी राहिली आणि तिच्या हातून एखादी चूक घडली, तर चौकशीच्या कागदावर तिचा दोष याच सूत्राच्या कलमांनी नोंदविला जातो. एकच वाक्य पाठ, परीक्षा आणि आरोप या तिन्ही ठिकाणी उपयोगात आणले जात असल्यामुळे, त्यात नेमके काय सांगितले आहे व काय सांगावयाचे राहून गेले आहे, याची छाननी करणे अनाठायी होणार नाही.

सूत्राचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ते आटोपशीर आहे. घाईच्या वेळी आठवते. आणि त्याचा सर्वांत मोठा उपकार असा की, ते नवख्या विद्यार्थिनीस नकाराचा आधार देते. केसपेपरवरील अक्षर लागत नाही तोवर औषध देता येणार नाही, हे वाक्य निवासी डॉक्टरांपुढे उच्चारण्यास जे बळ लागते ते तिला दुसरीकडून क्वचितच मिळते. अडचण उद्भवते ती या सूत्रास औषधशास्त्राच्या जागी बसविले म्हणजे.

प्रथम शब्दाचाच विचार करू गेल्यास, ‘राइट’ या शब्दासाठी मराठीत ‘बरोबर’, ‘अचूक’ व ‘योग्य’ हे तीन शब्द हाताशी होते. त्यांपैकी ‘योग्य’ हा रूढ झाला, आणि हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतील असा समजही त्याबरोबरच रूढ झाला. वस्तुतः त्यांच्यात मोठे अंतर आहे. औषध ‘बरोबर’ आहे म्हणजे केसपेपरवर जे लिहिले आहे तेच हातात आहे. ही ताडून पाहण्याची क्रिया होय. तीस डोळे, उजेड आणि थोडी उसंत पुरे. औषध ‘योग्य’ आहे म्हणजे ते या माणसाला, त्याच्या आजच्या स्थितीत, मानवणारे आहे. हा निर्णय होय, आणि निर्णयास ज्ञान लागते. पाठ्यपुस्तके शब्द योजतात ‘योग्य’, आणि त्याचे विवरण करताना सांगतात केवळ ‘बरोबर’ : बाटली कपाटातून काढताना लेबल वाचावे, औषध ओतताना किंवा सिरिंजमध्ये भरताना वाचावे, बाटली परत ठेवताना पुन्हा वाचावे. शब्दाने जे कबूल केले ते पाठाने दिले नाही. मात्र चूक घडल्यावर परिचारिकेस जाब विचारला जातो तो शब्दाच्या मोठ्या अर्थाने.

या दोन अर्थांतील दरी किती खोल आहे हे एका जुन्या औषधाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या एका वृद्ध गृहस्थास डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी लिहून दिलेली आहे, आणि अंगावरची सूज उतरावी म्हणून फ्युरोसेमाइडही चालू आहे, असे समजावे. परिचारिका नाव विचारते, लेबल वाचते, गोळीची शक्ती पाहते. गोळी तोंडाने द्यावयाची आहे, घड्याळात आठ वाजले आहेत. पाचही कलमे पुरी झाली. परंतु त्या गृहस्थांनी कालपासून अन्न नको म्हटले आहे, त्यांना मळमळते आहे, दिवा पिवळा दिसतो असे ते म्हणतात, आणि त्यांची नाडी मिनिटास ४८ आहे. या अवस्थेत ती गोळी देणे म्हणजे विषात भर घालणे होय. डिगॉक्सिनची गुणकारी पातळी आणि घातक पातळी यांत अंतर फार थोडे असते. हृदयाच्या पेशीवरील सोडियम-पोटॅशियमची देवघेव करणाऱ्या पंपावर ते काम करते, आणि तेथे पोटॅशियमशी त्याची स्पर्धा असते. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियम बाहेर टाकते. स्पर्धक कमी झाला की कालचीच मात्रा आज अधिक होते. गोळी बदललेली नाही, लेबल बदललेले नाही, केसपेपरही तोच; बदलला आहे तो रुग्ण. पाच कलमांतील पहिल्या कलमात रुग्णाचे नाव आहे, त्याची स्थिती नाही.

प्रौढ रुग्णाच्या हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत, ते साठाच्या खाली असल्यास गोळी थांबवून डॉक्टरांस कळवावे, हा नियम परिचारिकांना शिकविला जात नाही असे नाही. पण तो असतो कोठे? औषधशास्त्राच्या पुस्तकात, डिगॉक्सिनच्या पानावर, वर्गीकरण, क्रिया, उपयोग व दुष्परिणाम संपल्यानंतर, ‘परिचारिकेची कर्तव्ये’ या शीर्षकाखालच्या अखेरच्या ओळींत. ज्यामुळे जीव वाचावयाचा ते पानाच्या तळाशी, आणि जे पाठ करून म्हणावयाचे ते वर्गाच्या भिंतीवर. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने सांगितलेला नियम या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कोठेही औषधाचा परिणाम दिसेपर्यंत ते चालू ठेवावे आणि यांपैकी एकाचेही चिन्ह प्रकट होताच थांबवावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे औषध देण्याची क्रिया रुग्णाकडे पाहण्याच्या क्रियेत गुंतलेली होती. पाच योग्यांत औषध घशाखाली उतरले की काम संपते.

अर्थात ताडून पाहण्याचे कामही वाटते तितके सोपे नाही, आणि येथे औषधांच्या नावांचा प्रश्न उभा राहतो. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियावरील दोन औषधांच्या नावांवरून दोन कंपन्यांत वाद झाला, तो २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ही औषधे तज्ज्ञांच्याच हाती पडतात, त्यांचा घोटाळा होणार नाही, या स्वरूपाचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. डॉक्टर व औषधविक्रेते प्रशिक्षित असले तरी अस्खलनशील नव्हेत, औषधांच्या बाबतीत नामसादृश्याची कसोटी अधिक कडक असली पाहिजे, आणि ज्या देशात अनेक भाषा बोलल्या जातात व इंग्रजी सर्वांस अवगत नाही तेथे हा धोका अधिक आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत या निर्णयाचा उल्लेख व्हावयास हरकत नव्हती. ‘योग्य औषध’ हे कलम केवळ परिचारिकेच्या सावधपणावर अवलंबून नसून ते नाव ठेवणाराच्या टेबलावर सुरू होते, हे त्यावरून समजले असते. अमेरिकेत ‘लोसेक’ हे नाव ‘लॅसिक्स’शी मिळतेजुळते असल्यामुळे घोटाळे होऊ लागले, तेव्हा १९९० मध्ये ते बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले. परिचारिकांना अधिक लक्षपूर्वक वाचा, एवढे सांगून तेथे भागले नाही.

नावांच्या घोटाळ्याचे अलीकडचे आणि अत्यंत क्लेशकारक उदाहरण नॅशव्हिलचे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात ७५ वर्षांच्या एका स्त्रीस तपासणीच्या यंत्रात घुसमटल्यासारखे होऊ नये म्हणून ‘व्हर्सेड’ हे गुंगीचे औषध लिहून दिले होते. व्हर्सेड हे व्यापारी नाव. मूळ नाव मिडाझोलम. औषधांच्या स्वयंचलित कपाटात परिचारिकेस त्या रुग्णाच्या नावावर ते दिसले नाही. तिने प्रतिबंध ओलांडण्याची सोय वापरली आणि शोधाच्या चौकटीत पहिली दोन अक्षरे भरली. कपाट मूळ नावांनी शोधीत होते. त्याने पुढे केले ते ‘व्हेक्युरोनियम’. हे औषध स्नायू लुळे पाडते, श्वसनाचेही. शुद्धीवर असलेल्या माणसास ते दिले गेले, आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी मरण पावली. परिचारिकेने चूक स्वतः सांगितली. मार्च २०२२ मध्ये न्यायालयात तिला दोषी ठरविण्यात आले व मे महिन्यात तीन वर्षांची परिवीक्षा सुनावण्यात आली. रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही.

या घटनेत पाच योग्यांचे उल्लंघन झाले यात शंका नाही. बाटलीवरील नाव वाचले असते तर अनर्थ टळला असता. सूत्राचे समर्थक हे उदाहरण आपल्या बाजूने मांडतात आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु त्याहून बोलका तपशील दुसराच आहे. मिडाझोलम द्रवरूपात मिळते. व्हेक्युरोनियमची बाटली पुडीची असते व ती पाण्यात विरघळवून घ्यावी लागते. ज्या परिचारिकेच्या मनात मिडाझोलमची प्रतिमा पक्की आहे तिचा हात पूड दिसताच थबकावयास हवा. लेबल वाचताना डोळा अपेक्षित तेच वाचतो, हा मानवी दृष्टीचा स्वभाव आहे. हात मात्र अनपेक्षित पदार्थ चटकन ओळखतो. औषधशास्त्र केवळ वर्ग व उपवर्गांच्या याद्यांतून शिकविले, आणि औषधाचा रंग, रूप, बाटली, विरघळण्याची रीत यांना अभ्यासाचा विषय मानले नाही, तर हा हात तयार होत नाही. शिवाय, दिलेले औषध खरोखरच मिडाझोलम असते तरीही ते श्वसन मंदावणारे औषध आहे, आणि ते दिल्यानंतर रुग्णाजवळ कोणी तरी थांबावयास हवे होते. पाचांपैकी कोणतेही कलम थांबावयास सांगत नाही. त्या काळात तेथे कपाटाचा प्रतिबंध ओलांडणे नित्याचे होऊन बसले होते, असेही खटल्याच्या ओघात पुढे आले. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ या संस्थेने पुढे अशा कपाटांत निदान पहिली पाच अक्षरे भरल्याखेरीज औषध दाखवू नये, अशी शिफारस केली. याच संस्थेने पाच योग्यांविषयी पूर्वीपासून असे प्रतिपादिले आहे की, ती उद्दिष्टे आहेत. तेथवर पोहोचण्याची रीत त्यांत नाही, आणि ती रीत उपलब्ध करून देणे हे संस्थाचालकांचे काम होय.

मात्रेच्या कलमात भारतीय वॉर्डाचा अनुभव विशेष बोलका आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या पुष्कळशा बाटल्या मिलिलिटरास ४० युनिटच्या असतात. पेनमधील कार्ट्रिज आणि काही बाटल्या १०० युनिटच्या. सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. लिहून दिले आहे २० युनिट. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत भरले तर द्रव अर्धा मिलिलिटर होतो आणि रुग्णाच्या शरीरात ५० युनिट जातात. उलट, ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत भरले तर जातात केवळ ८. दोन्ही वेळा परिचारिकेने ‘वीस’ वाचले, ‘वीस’ भरले आणि ‘वीस’ लिहिले. तिच्या लेखी मात्रा योग्यच होती. येथे उपयोगी पडतो तो युनिट म्हणजे काय, याचा बोध. युनिट हे औषधाच्या शक्तीचे माप आहे, सिरिंजवरील रेघ हे द्रवाच्या आकारमानाचे. या दोहोंचा संबंध बाटलीवरील एका आकड्याने जोडलेला असतो. हेपारिनचेही तेच. पाच मिलिलिटरची एक बाटली ५,००० युनिटची असते, तेवढ्याच आकाराची दुसरी २५,००० युनिटची. गणिताचे सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थिनीस यातील पाचपट अंतर उत्तर काढल्यानंतर दिसते. संकल्पना समजलेल्या विद्यार्थिनीस ते बाटली हातात घेताच दिसते.

लिपीचा प्रश्नही मात्रेशी निगडित आहे, आणि मराठीत लिहिणाराने तो टाळू नये. युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर आकड्याला चिकटून लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. म्हणून पूर्ण शब्द लिहावा, असा संकेत पडला आहे. देवनागरी अंकांबाबत असा संकेत पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. देवनागरी चारचा आकडा इंग्रजी आकड्यांची सवय झालेल्या डोळ्यास आठासारखा दिसतो, आणि देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा. रुग्णास घरी सोडताना परिचारिका त्याला मराठीत सूचना लिहून देते. ती चिठ्ठी वाचणारा मुलगा इंग्रजी शाळेत शिकलेला असतो. थेंबांची संख्या ‘चार’ अशी अक्षरी लिहिण्यास एक क्षण अधिक लागतो, इतकेच.

रुग्णाच्या ओळखीबद्दल फार लिहावयास नको; पण एक सवय नोंदण्याजोगी आहे. “तुम्हीच शांताबाई ना?” असे विचारले की वयस्क बाई, ऐकू आले नसले तरी, सिस्टरांचा मान राखण्यासाठी मान डोलावतात. “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं,” असे विचारले तर चूक तेथेच उघडी पडते. भेद केवळ प्रश्नाच्या घडणीचा आहे. वेळेच्या कलमाची कथाही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आरोग्यविमा खात्याने प्रत्येक औषध ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत देण्याचा दंडक घातला होता. त्यामुळे परिचारिका घाईने आडवाटा धरू लागल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०११ मध्ये तो मागे घेऊन वेळेस बांधलेली व न बांधलेली असे औषधांचे दोन वर्ग मान्य करण्यात आले. जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन किंवा कंपवातावरील लेव्होडोपा यांना पंधरा मिनिटेही महत्त्वाची. जीवनसत्त्वाची गोळी दुपारी दिली तरी बिघडत नाही. कोणते औषध कोणत्या वर्गात, हे घड्याळ सांगत नाही.

मार्गाच्या कलमात सूत्राचा तोकडेपणा सर्वांत भीषण रीतीने प्रकट झाला आहे. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध शिरेतून द्यावयाचे. पाठीच्या कण्यातील द्रवात ते गेले तर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. हे ज्ञात असूनही अनेक देशांत ही चूक पुनःपुन्हा घडली. नॉटिंगहॅम येथे जानेवारी २००१ मध्ये एका अठरा वर्षांच्या तरुणास ते कण्यात दिले गेले आणि तो महिन्याभरात मरण पावला. तेथे देणारे हात परिचारिकेचे नव्हते, डॉक्टरांचे होते. कारण साधे होते : कोणतीही सिरिंज कोणत्याही सुईला बसत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सूचना दिली ती ‘नीट पाहा’ अशी नव्हे. व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या लहान पिशवीतून द्यावे, अशी ती होती. पिशवी कण्याच्या सुईस जोडण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पुढे कण्यातील सुयांसाठी वेगळ्या जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानकही २०१६ मध्ये ठरले. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र अँप्यूल सर्वसामान्य वॉर्डांतून हलविण्याचा उपाय ब्रिटनमध्ये २००२ पासून सुरू झाला, त्यामागची दृष्टीही हीच.

सूत्राची उणीव शिक्षकांस जाणवली नाही असे नाही. तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय मात्र विलक्षण आहे : त्यांनी आणखी ‘योग्य’ वाढविले. योग्य नोंद, योग्य कारण, योग्य परिणाम, नकार देण्याचा रुग्णाचा अधिकार, अशी भर पडत पाचांची सात, नऊ, काही पुस्तकांत दहा कलमे झाली. इंग्रजीत ‘राइट’ म्हणजे हक्कही असल्यामुळे शेवटचे कलम तेथे शब्दाच्या जोरावर खपून जाते. मराठीत ते ‘योग्य नकार’ असे हास्यास्पद होते. ‘योग्य परिणाम’ हे कलम तर संपूर्ण औषधशास्त्रच दोन शब्दांत मागते. कोणत्या परिणामाची वाट पाहावयाची, तो किती वेळाने दिसेल, न दिसल्यास काय करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक औषधागणिक वेगळी आहेत. फेनिटॉइनचे इंजेक्शन डेक्स्ट्रोजमध्ये मिसळल्यास त्याचा साका बसतो, ते सलाईनमध्येच मिसळावे आणि मिनिटास ५० मिलिग्रॅमहून वेगाने देऊ नये; हे ज्ञान दहाव्या कलमातून निष्पन्न होत नाही आणि शंभराव्यातूनही होणार नाही.

मुळातील दोष अभ्यासक्रमाच्या मांडणीत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी. एस्सी. अभ्यासक्रमात औषध देण्याची क्रिया पहिल्या वर्षातील परिचर्येच्या मूलतत्त्वांत शिकविली जाते, आणि औषधशास्त्र तिसऱ्या व चौथ्या सत्रांत येते. म्हणजे हात आधी शिकतो आणि त्या हाताने काय दिले हे मागाहून कळते. या अंतरात विद्यार्थिनीजवळ असते ते हे सूत्र. हात लवकर तयार झाला पाहिजे, वॉर्डास मनुष्यबळाची निकड आहे, ही कारणे शिक्षकवर्ग सांगतो, आणि त्यांतील व्यावहारिक सत्य अमान्य करता येत नाही. तथापि औषधशास्त्राचे सर्व वर्ग येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. पहिल्या वर्षी विद्यार्थिनीच्या हातात वॉर्डातील नित्याची दहा औषधे द्यावीत : डिगॉक्सिन, फ्युरोसेमाइड, दोन शक्तींचे इन्सुलिन, हेपारिन, फेनिटॉइन अशी. प्रत्येकाची बाटली किंवा गोळी, तिचे रूप, तिच्यातील शक्तीचा आकडा, देण्यापूर्वी रुग्णात काय पाहावयाचे आणि दिल्यानंतर काय, हे रुग्णशय्येजवळ उभे राहून शिकवावे. परीक्षकानेही तिला सूत्राची कलमे विचारू नयेत. तिच्यापुढे डिगॉक्सिनची गोळी, केसपेपर आणि ४८ नाडीचा तक्ता ठेवावा, आणि ती गोळी देते की थांबवून परिसेविकेस हाक मारते, हे पाहावे.